पिंप बसलंय, हलवू नका

सिरिल टनिक्लिफ अजून धडधाकट जिवंत आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल चांगलं बोलायची माझ्यावर काही सक्ती नाही. उद्या मेला तरी बोलेनच असं नाही. त्याच्या आणि माझ्या घराच्या मध्ये एकाच विटेची भिंत आहे. तो खोकला तर मला कळतं, आणि तो कधी हसला असता तर तेही कळलं असतं.

आमच्या गावात भट्ट्या, बश्या आणि धूर सोडून सांगण्यासारखं फारसं काही नाही, पण एक गोष्ट आहे. इथे कुणीही कुणालाही 'बदक' म्हणतं, मायेने. बसचा कंडक्टर म्हणतो, खाटीक म्हणतो, पोलीसदेखील पकडून नेताना म्हणतो, चल रे बदका. सिरिल जन्मापासून याच गावात राहिला, पण त्याला कुणी बदक म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. तोंडापर्यंत येतं आणि माणूस गिळून टाकतो.

तो नगरपालिकेच्या वजन-माप खात्यात कारकून होता. दुकानांचे तराजू तपासायला जायचे ते इन्स्पेक्टर वेगळे. हा त्यांच्या फायली लावायचा. पण चालायचा असा, की समोरून येणाऱ्या बाईने पिशवीतले बटाटे आपोआप मोजावेत. 'नांगर' पबमध्ये मी संध्याकाळी पंपाने बिअर ओढून द्यायला उभी असायचे. सिरिल आला की पहिला घोट घेण्याआधी ग्लास दिव्यासमोर धरायचा. मग डोळे बारीक करून ग्लास फिरवायचा आणि नाकाखाली धरायचा. मग म्हणायचा, "हिल्डा, ही बिअर जरा गढूळ आहे."

आणि खरी पंचाईत अशी, की ती असायची. अगदी कणभर, पण असायची. बिअरच्या बाबतीत त्या माणसाचं कधी चुकलं नाही. चुकला असता तर लोकांनी त्याला केव्हाच माफ केलं असतं.

तोवर निम्म्या पबमध्ये लोखंडी डब्यातली, गॅसने फुगवलेली बिअर यायला लागली होती. 'नांगर'चा मालक वॉल्टर मेचिन जुन्या वळणाचा. तळघरात पिंपं आडवी मांडायची, बिअर पिंपातच पिकू द्यायची आणि हाताने पंप ओढून वर काढायची, हे त्याने सोडलं नव्हतं. म्हणजे खरं तर सिरिलने त्याचे पाय धुवायला हवे होते. पण एका शनिवारी सिरिलने स्वतःचा ग्लास तपासून झाल्यावर शेजारच्या टेबलावरचा एका पाहुण्याचा ग्लास उचलला आणि तोही दिव्यासमोर धरला. पाहुणा बघतच राहिला.

वॉल्टर शांतपणे पुढे आला. "सिरिल, तू इथे प्यायला येतोस की परीक्षा घ्यायला?"

"दोन्हीसाठी," सिरिल म्हणाला.

"मग परीक्षा संपली, बाबा. पोरं घरी जातात तेव्हा."

सगळा पब खो खो हसला. सिरिलने टोपी घातली आणि दारातून म्हणाला, "मी घरी करेन यापेक्षा चांगली. आणि तुमच्यातल्या एकाला थेंब देणार नाही." त्याच्या आयुष्यातली ही एकच प्रतिज्ञा त्याने पाळली, निम्मी तरी.

आता घर त्याचं होतं का? नव्हतं. ते घर त्याच्या सासूचं, फीबी हॅमर्सलीचं. भाड्याच्या पुस्तकावर तिचं नाव होतं. फीबीकाकू चाळीस वर्षं बश्यांवर गुलाब काढायची. नवरा त्याच घरात गेला, मुलगी एनिड त्याच घरात जन्मली, आणि एनिडशी लग्न करून सिरिल सुटकेस घेऊन त्याच घरात आला. खाली दोन खोल्या, वर दोन. मागची खोली म्हणजे स्वयंपाकघर, तिथेच जेवायचं, भांडायचं, पाय शेकायचे. पुढची खोली फक्त ख्रिसमस, पाहुणे आणि मयत यांच्यासाठी. आमच्या गल्लीत सगळ्यांचीच पुढची खोली तशी. वर्षभर थंडगार आणि लख्ख, आत कुणी बसत नाही. फीबीकाकूच्या त्या खोलीत पियानो होता, काचेचं कपाट होतं आणि खिडकीत दोन चिनीमातीचे कुत्रे. कुत्र्यांची तोंडं रस्त्याकडे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला घर कसं आहे ते कळावं.

सुरुवातीला सिरिलचं सामान स्वयंपाकघरातच होतं. भरडलेला मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, गरम पाण्यात भिजवायला टब. ते गोड पाणी हॉप्सची कडू फुलं घालून उकळायला एनिडचा कपडे उकळायचा बंब. सोमवारी त्याच बंबात चादरी. त्यामुळे टनिक्लिफांच्या चादरींना पबचा वास यायचा आणि चर्चमध्ये एनिडच्या शेजारच्या बाया नाक मुरडायच्या. फीबीकाकूला मात्र मजा वाटायची. ती खुर्चीतून म्हणायची, "सिरिल, तुझा पायमोजा पण उकळलास का रे त्यात? चव आली असेल."

"आई, तुम्हाला यातलं कळत नाही."

"खरंय बदका... नाही, सिरिल. खरंय."

मग एका जानेवारीत फीबीकाकू अंगणातल्या संडासात जाताना बर्फावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्स आली, तिला उचललं, गल्लीतल्या सगळ्यांनी दारात उभं राहून हात हलवले. ॲम्ब्युलन्स कोपऱ्यावरून वळली आणि मी घरात शिरले तर भिंतीपलीकडून टेप खेचल्याचा आवाज. सिरिल पुढच्या खोलीचं माप घेत होता.

पुढच्या आठवड्यात पियानो विकला. काचेचं कपाट वर फीबीकाकूच्या पलंगाला खेटून ठेवलं. चिनी कुत्रे कपाटाच्या वर, तोंडं भिंतीकडे. आणि पुढच्या खोलीत आला तो पाडलेल्या एका पबमधून आणलेला पंप. चिनीमातीच्या मुठीचा, मुठीवर घोडेस्वार आणि शिकारी कुत्रे रंगवलेले. सिरिल तो रोज मऊ फडक्याने पुसायचा. एनिडचा हात त्याने लग्नात धरला होता, त्यानंतर इतक्या हळुवारपणे त्याने कशाला हात लावलेला मी पाहिला नाही.

शेकोटीच्या अगदी समोर एक बुटकी घडवंची. तिच्यावर लहान पिंप आडवं. ते डुगडुगू नये म्हणून दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी. वरच्या भोकात मऊ लाकडाची खुंटी, तिच्यातून आतला वायू हळूहळू निघतो. पुढे तोटी, आणि तोटीपासून पंपाला नळी. पिंप असं एकदा मांडलं की त्यात माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेला डिंक घालतात, तो सगळा गाळ धरून तळाला नेतो. मग पिंपाला हात लावायचा नाही. हललं की गाळ उठतो आणि बिअर भांडी धुतलेल्या पाण्यासारखी दिसते. हे सगळं वॉल्टरकडेही होतं, पण वॉल्टरने त्याचा कधी धर्म केला नाही.

सिरिलने केला. दारावर पाटी लावली, 'पिंप बसलंय, हलवू नका.' जिन्यावरून जोरात उतरायचं नाही. पुढचं दार आपटायचं नाही. पोस्टमनने मागून यायचं. एनिडने चुलत बहिणीला जेवायला बोलावलं तर सिरिलने विचारलं, "तिचं वजन किती?" आणि त्या खोलीत शेकोटी पेटवायची नाही, कारण बिअरला थंडावा हवा. पुढच्या खोलीत बिअर त्याला हवी तशी थंड आपोआप राहायची. म्हणूनच तर त्याला ती खोली हवी होती.

एनिडबद्दल सांगायचं तर मला तिचीही चीड येते. चांगली बाई, पण मूग गिळून बसायची तिला इतकी सवय की विचारलं तरी तोंड उघडत नाही. मी भिंतीवर लाटणं आपटायचे आणि ओरडायचे, "एनिड, त्याला सांग काहीतरी!" पलीकडून आवाज यायचा, "हिल्डा, आपटू नकोस गं, पिंप आहे."

अशी बिअर उघडल्यावर तीन-चार दिवसांत संपवावी लागते, नाही तर आंबट होते. त्यासाठी माणसं लागतात. सिरिलकडे माणसं नव्हती. तो एकटा प्यायचा, कुढत, घाईघाईने, आणि उरलेली मोरीत ओतायचा. मोरीतून जाणारी ती बिअर मला ऐकू यायची. माझा नवरा जॉस भिंतीला कान लावून म्हणायचा, "ऐक, सिरिलचा मित्र चालला."

मग त्याला ते मंडळ सापडलं. शेजारच्या गावात घरी बिअर करणाऱ्यांचं एक मंडळ होतं, चारपाच चष्मेवाले आणि अध्यक्ष मिस्टर पिकरिंग. सिरिलने अर्ज केला. त्यांनी कळवलं, शनिवारी दुपारी येऊन तुमची बिअर चाखू, पसंत पडली तर सभासद. सिरिलच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे आलं त्याला मी हसू म्हणणार नाही, पण त्याच्या जवळपासचं काहीतरी होतं. त्याने अंगातलं सगळं कौशल्य त्या एका पिंपात ओतलं. रविवारी ते घडवंचीवर चढवलं आणि पाचरी ठोकल्या.

सोमवारी हॉस्पिटलने एनिडला बोलावलं. खुबा बसत नव्हता आणि छातीत कफ भरला होता. डॉक्टर म्हणाले, आता इथे ठेवून उपयोग नाही, त्यांना घरी जायचंय, घेऊन जा. जिना चढणं शक्य नाही. आमच्या घरांचे जिने असे की वळणावर मांजर अडकावं, स्ट्रेचरचं काय घेऊन बसलात. म्हणजे पलंग पुढच्या खोलीत घालायचा आणि शेकोटी पेटवायची. फीबीकाकूचं तेवढंच मागणं होतं. "माझ्या खोलीत, खिडकीपाशी," ती म्हणाली होती, "म्हणजे येणारे-जाणारे दिसतील."

एनिड घरी आली आणि मी मागच्या दाराने आत गेले, कारण मला माहीत होतं काय होणार. सिरिल स्वयंपाकघरात चीज घातलेली ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाचं धिरडं, खात होता.

"सिरिल," एनिड म्हणाली, "आईला बुधवारी आणायचंय. पुढची खोली लागेल."

"शनिवारनंतर," सिरिल म्हणाला.

"डॉक्टर म्हणाले—"

"डॉक्टरला काय माहीत? काल मांडलंय. आज हलवलं तर सगळा गाळ वर. आणि शेकोटी पेटवलीस तर संपलंच. रविवारी सकाळी मी स्वतः पलंग खाली आणतो. मी नाही म्हणतोय का? मी शनिवारनंतर म्हणतोय."

मी म्हटलं, "सिरिल, खोली तिची आहे."

"हिल्डा, तू घरी जा."

"घर पण तिचंच आहे. तिने सांगितलं तर जाते."

तो उठला, ताट धुऊन ठेवलं आणि पुढच्या खोलीत जाऊन दार हळूच लावून घेतलं. हळूच, कारण पिंप. त्या हळूच लावलेल्या दाराचा मला जितका संताप आला तितका आपटलेल्या दाराचा आला नसता.

मी एनिडला म्हटलं, "माझ्याकडे आण काकूला. माझी पुढची खोली आहे, शेकोटी पेटवते, जॉस कोळसा आणेल."

एनिड दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये विचारून आली. फीबीकाकू म्हणाली होती, "हिल्डा गुणी आहे. पण मी दुसऱ्याच्या घरात मरायला जाणार नाही. माझ्या घरी नेत असाल तर न्या."

त्या संध्याकाळी मी पबमध्ये वॉल्टरला विचारलं, मांडलेलं पिंप हलवलं तर परत बसायला किती वेळ लागतो. वॉल्टर हसला. "अगं, माझी पिंपं लॉरीतून खड्ड्याखड्ड्यांतून येतात. उतरवताना पोरं फुटबॉल खेळतात त्यांच्याशी. दोन दिवसांत बसतात. बिअर चांगली केली असेल तर एका दिवसात."

म्हणजे मंगळवारी हलवलं असतं तरी शनिवारी काचेसारखं झालं असतं. आणि खोलीच हवी होती तर पिंप कोळशाच्या खोपट्यात गेलं असतं, तिथे तर आणखी थंड. मी तशीच घरी आले आणि सिरिलला अंगणाच्या भिंतीवरून सांगितलं.

"वॉल्टरची बिअर बसते दोन दिवसांत," तो म्हणाला. "माझी वेगळी आहे."

"तुझी वेगळी नाही, तूच वेगळा आहेस."

"त्या बाई तीन महिने राहिल्यात तिकडे, हिल्डा. चार दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

तो हे मनापासून म्हणत होता, हे लक्षात घ्या. तो राक्षस असता तर मला इतकी किळस वाटली नसती. त्याला खरंच वाटत होतं की दोन्ही गोष्टी थांबू शकतात, फक्त त्यातली एक हलवली तर खराब होते.

गुरुवारी भेटायच्या वेळी मी एनिडबरोबर गेले. फीबीकाकू उशांना टेकून बसवलेली होती, चेहरा कागदासारखा. एनिड रडायला लागली आणि म्हणाली, "आई, रविवारी. अगदी रविवारी नक्की."

"का गं, काय अडलंय?"

एनिडने सांगितलं. मला वाटलं म्हातारी शिव्या देईल. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "त्या पंपाच्या मुठीवरचे कुत्रे पाहिलेस का, हिल्डा? एनिडने सांगितलं मला. एकाला पाच पाय काढलेत म्हणे. आमच्या कारखान्यात असं काढलं असतं तर मुकादमाने बशी डोक्यात घातली असती." आणि मग बराच वेळ दम घेऊन, "त्याला सांग, रविवारपर्यंत मी बघते काय जमतं ते."

तिला नाही जमलं. शुक्रवारी पहाटे ती वॉर्डातच गेली, पडद्यामागे, शेजारच्या खाटेवर कुणीतरी रेडिओ लावायला सांगत असताना.

आता आमच्याकडची रीत अशी, की घरातलं माणूस गेलं की पुढच्या खिडकीचे पडदे दफन होईपर्यंत ओढलेले ठेवायचे. शेजारपाजारचे पण ओढतात. शुक्रवारी दुपारपर्यंत आमची सगळी गल्ली डोळे मिटल्यासारखी झाली होती. एनिडने पुढच्या खोलीचे पडदे ओढले तेव्हा सिरिल काय म्हणाला माहीत आहे? भिंतीतून स्वच्छ ऐकलं मी. "बरं झालं. उजेड बिअरला वाईटच."

त्याने शनिवारचं मंडळाला कळवलं नाही. एनिडला वाटलं त्याने कळवलं असेल. मला माहीत होतं त्याने कळवलेलं नाही, म्हणून शनिवारी दुपारी मी दाराची पायरी घासायला बसले. घासायची गरज नव्हती, कालच घासली होती.

मोटार थांबली. मिस्टर पिकरिंग उतरले, मागून तीन चष्मेवाले, एकाच्या हातात स्वतःचा ग्लास रुमालात गुंडाळलेला. त्यांनी घराचा नंबर पाहिला, मग पडदे पाहिले, मग सगळ्या गल्लीचे पडदे पाहिले. चौघांनी एकदम टोप्या काढल्या.

"बाई," पिकरिंग मला हलक्या आवाजात म्हणाले, "कोण गेलं इथे?"

"मिस्टर टनिक्लिफांची सासू. काल."

"काल?" त्यांनी मागे वळून बाकीच्यांकडे पाहिलं. "पण आम्हाला तर त्यांनी—"

तेवढ्यात दार उघडलं. सिरिल, इस्त्रीचा शर्ट, बाहीला काळी पट्टी आणि खांद्यावर ग्लास पुसायचं फडकं. "या, या! अगदी तयार आहे. काच आहे काच!"

पिकरिंग म्हणजे साधा माणूस, शाळेत सुतारकाम शिकवायचे. त्यांनी टोपी छातीशी धरली आणि म्हणाले, "मिस्टर टनिक्लिफ, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत." आणि वळले. चौघे मोटारीत बसले.

सिरिल फुटपाथवर धावला. "अहो, पण मी उघडलंय ते! तोटी ठोकलीय! दोन घोट तरी घ्या!"

मोटार निघून गेली. गल्लीतल्या बंद पडद्यांमागे किती माणसं उभी होती ते मी सांगायला नको. सिरिल फडकं घेऊन आत गेला. दार हळूच लावलं.

दफन मंगळवारी. शवपेटी आदल्या दिवशी घरी आणायची, पुढच्या खोलीत ठेवायची आणि घरातूनच न्यायची, ही आमची पद्धत. फीबीकाकूचा नवरा तसाच गेला होता. सिरिल म्हणाला, हॉस्पिटलमधून थेट चर्चमध्ये नेऊ, हल्ली सगळे तसंच करतात, बाईंना वाटेत उगाच कशाला उतरवायचं. तसंच झालं. मी चर्चमध्ये एनिडच्या मागच्या बाकावर बसले होते. ती रडतही नव्हती. तिचे हात मांडीवर होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

चर्चमधून सगळे घरी आले. हॅम सँडविच, डुकराचं मांस भरलेली पेस्ट्री, फळांचा केक, हे सगळं मी आणि एनिडने सकाळीच करून ठेवलं होतं. मागच्या खोलीत तीस माणसं म्हणजे डब्यात कोंबल्यासारखी. कुणाला बसायला जागा नव्हती. म्हातारे भिंतीला टेकून उभे, कारखान्यातल्या फीबीकाकूच्या मैत्रिणी जिन्याच्या पायऱ्यांवर. आणि मधलं दार उघडं. पलीकडे मोकळी, गारठलेली पुढची खोली, पंपामागे काळा टाय लावलेला सिरिल, आणि समोर ओळीने मांडलेले पुसून लखलखीत केलेले ग्लास. आपण काय म्हणालो होतो ते तो विसरला होता. आता तो सगळ्यांना थेंबच काय, पिंपभर द्यायला तयार होता.

"बिअर कुणाला?" तो म्हणाला. "आजच्या दिवस चांगली आहे. उद्या उतरेल."

कुणी हललं नाही. मग त्याने एक ग्लास भरला आणि तो स्वतः घेऊन दारात आला. मधासारखा रंग, वर सायीसारखा फेस. मी तो घेतला, कारण मला कळायलाच हवं होतं. एक घोट घेतला. चांगली होती. इतकी चांगली बिअर मी वॉल्टरकडेही प्यायले नव्हते, आणि म्हणून तर मला तो ग्लास त्याच्या तोंडावर फेकावासा वाटला. मी तो टेबलावर ठेवला.

"एनिड, चहा आहे का गं?" मी म्हटलं.

"वॉल्टर, तू?" सिरिलने विचारलं. "तू तरी सांग. तुला कळतं."

वॉल्टर मेचिनने जन्मात कधी बिअर नाकारल्याचं कुणाला आठवत नाही. हर्नियाच्या ऑपरेशनआधी नर्सकडे मागितली होती त्याने. त्याने टेबलावरच्या ग्लासकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्याला ती काय आहे ते कळलंय. "चहाच दे, बदके," तो एनिडला म्हणाला. "दोन साखर."

"मलाही चहा."

"मलाही."

जॉसला चहा आवडत नाही, तो दोन कप प्यायला. सिरिल दारात उभा राहून एकेकाचं तोंड बघत होता. "अरे, फुकट जाईल ती," तो म्हणाला. "कळत कसं नाही तुम्हाला? चांगली झालीय ती!" त्याचा आवाज चिरकला. मला त्याची दया आली असती, पण ती मी दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवली होती.

एनिडने किटली खाली ठेवली. मागच्या शेकोटीपाशी कोळशाची बादली होती, ती उचलली आणि गर्दीतून वाट काढत पुढच्या खोलीत गेली.

"कुठे चाललीस?" सिरिल म्हणाला.

"शेकोटी पेटवते. लोक उभे आहेत. इथे बसतील."

"अगं, शेकोटीसमोर पिंप आहे."

"सरक," एनिड म्हणाली.

"एनिड, अजून निम्मं भरलेलं आहे ते! गाळ उठेल! हलवू नको— वॉल्टर, सांग तिला!"

वॉल्टर चहा ढवळत होता. एनिडने बादली खाली ठेवली आणि नळी ओढून काढली. फरशीवर थोडी बिअर सांडली. मग तिने शवयात्रेचा काळा कोट वर खोचला, घडवंचीला गुडघा लावला, हात टेकले, डोळे मिटले आणि दात-ओठ खाऊन असा जोर लावला की जणू सगळं घर ढकलायचंय.

घडवंची सर्रकन सरकली आणि भिंतीला जाऊन लागली. एनिड तोल जाऊन जवळजवळ पडलीच. इतका जोर लागणारच नव्हता. पिंपात काहीतरी डुचमळलं आणि शांत झालं.

ती तशीच वाकून राहिली, एक हात पिंपावर. मग तिने त्याच हाताने घडवंची थोडीशी मागे ओढली, नुसतं बघायला, आणि ती परत सरकली. तिने मान वर करून दाराकडे पाहिलं. तिथे आम्ही सगळे कप धरून उभे होतो, मी, जॉस, वॉल्टर, भट्टीवर काम करणारे धटिंगण पुरुष.

"एवढंच जड होतं हे?" तिने विचारलं. सिरिलला नाही, आम्हाला.

एनिड गुडघ्यांवर बसली आणि शेकोटीत कोळसे रचायला लागली.